डाउट काउंटर, ट्यूशन एरिया, लातूर : पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन रात्रीच्या सरांचे

नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करून घेणारा हा क्लास. त्याचं नाव लिहिणार नाही, आधीच सांगून टाकते. लेकीला अजून एक वर्ष तिथंच काढायचंय. आणि खरं सांगायचं तर ट्यूशन एरियात कुठल्याही गल्लीत शिरा, थोड्याफार फरकानं हेच दिसेल. हा अभिप्राय सगळ्या क्लासचा नाही. शिकवणं, टेस्ट सिरीज, हॉस्टेलची मेस यांवर लोकांनी भरपूर लिहिलंय. मी लिहितेय ते ‘डाउट काउंटर’ या सेवेबद्दल. बॅनरवर टॉपरच्या फोटोंखाली सगळ्यात मोठी अक्षरं तिचीच असतात, ‘सकाळी ८ ते रात्री १० डाउट सॉल्व्हिंग’, आणि फी भरताना माझ्यासारखे नोकरी करणारे पालक त्या ओळीवरच भुलतात. आपल्याला वेळ नाही, निदान तिथं कुणीतरी लेकराचं ऐकेल.

व्यवस्था कशी आहे ते सांगते. तळमजल्यावर बँकेसारख्या सहा खिडक्या, दोन फिजिक्स, दोन केमिस्ट्री, दोन बायोलॉजी. ॲपवरून टोकन काढायचं. वर लाल आकडे पळतात. एका टोकनला पाच मिनिटं. रांगेतली लेकरं उभ्या उभ्या बिस्किटं खातात, कुणी वही गुडघ्यावर ठेवून पुढचं गणित सोडवत असतं. खिडकीतले सर कागदावर भराभर सोडवून दाखवतात, कागद फाडून हातात देतात. मग टॅबवर दोन बटणं येतात, ‘क्लिअर’ आणि ‘नॉट क्लिअर’. त्यातलं एक दाबल्याशिवाय पुढचं टोकन निघत नाही. ‘नॉट क्लिअर’ दाबलं तर त्याच प्रश्नासाठी पुन्हा रांगेच्या शेपटाला. आता सांगा, सतरा वर्षांचं लेकरू रात्री नऊ वाजता कुठलं बटण दाबेल? महिनाअखेरीला मला मेसेज येतो : ‘आपल्या पाल्याचे ४१ पैकी ४१ डाउट क्लिअर झाले आहेत. अभिनंदन!’

पहिला तारा गणितांचा आहे, तो मी मनापासून देते. लेकीचं फिजिक्स कच्चं होतं. पुलीवरून दोन वजनं सोडली की तिचा जीव जायचा. फिजिक्सच्या १८० गुणांपैकी ६२ वर अडकली होती, ती सहा महिन्यांत ११० च्या पुढे गेली, आणि त्यात या खिडक्यांचा मोठा वाटा आहे. कुठं चिन्ह चुकलं, कुठलं बल विसरलीस, हे तिथं चटकन दाखवतात. नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला चार, चुकीला उणे एक. तिथं असा सराव लागतो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण ‘डाउट’ हा शब्द बघा. आमच्या लातुरात डाउट म्हणजे शंका नव्हे. डाउट म्हणजे न सुटलेलं गणित. उत्तर ठरलेलं असतं, पाठीमागे छापलेलं असतं, तिथवर पोचता आलं नाही म्हणून विचारायचं. उत्तराबद्दलच शंका आली तर त्याला इथं काय म्हणतात, ते मला वर्षभरात कळलं नाही. (आमच्या शाळेत तर वर्गात एकच शंका मान्य होती, आणि त्यासाठी करंगळी दाखवायला लागायची.)

आता मुद्द्यावर येते.

अकरावी झाली, बारावीची बॅच सुरू झाली आणि आनुवंशिकतेचा धडा आला. त्यात रक्तगट : ए, बी, एबी, ओ. त्यातला नियम सगळ्यांना पाठ असतो : आईबाप दोघंही ओ असतील तर मूल ओच. लेकीनं घरी कार्डं काढली. मी ओ पॉझिटिव्ह, हे माझं मीच कितीदा तपासलंय. तिच्या शाळेच्या आरोग्य कार्डावर बी पॉझिटिव्ह. आणि तिच्या पप्पांच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर ओ पॉझिटिव्ह. मी त्या दिवशी दुपारपाळीला होते. ही गेली टोकन घेऊन खिडकीवर आणि विचारलं, सर, मम्मी ओ, पप्पा ओ, मग मी बी कशी?

खिडकीतल्या सरांनी पुस्तकात बोट ठेवून नियम वाचून दाखवला. असं होऊच शकत नाही, म्हणाले. मग हसून म्हणाले, “तुला दवाखान्यातून बदलून आणलं असेल बघ, घरी विचार.” मागची रांग हसली. टोकन बंद झालं. कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘आउट ऑफ सिलॅबस’ असं निवडलं.

त्यांनी पुस्तकावर शंका घेतली नाही, लायसन्सवर घेतली नाही. घेतली ती लेकीवर. आणि ज्या बाईचं नाव घेऊन विनोद केला ती मी.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण रागाच्या आधी लाज वाटली, तीही सांगते. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. रोज पाच-पंचवीस लोकांचे रक्तगट करते. आणि लग्नाला अठरा वर्षं झाली तरी नवऱ्याचा रक्तगट एकदाही तपासलेला नव्हता. त्यांनी सांगितलं ओ, लायसन्सवर ओ, माझ्या डोक्यात ओ. लेकीच्या कार्डावरचा बीसुद्धा कधी त्याच्या शेजारी ठेवून बघितला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बाकी माझं सगळं काम शंका घेण्याचंच आहे. सकाळी साडेसातला मशीन सुरू केलं की पहिला पेशंट लावत नाही. आधी कंट्रोल लावतो. म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पाणी). मशीननं तेच उत्तर दिलं पाहिजे. रोजचा ठिपका आलेखावर जातो, मधल्या रेषेच्या आसपास खालीवर. ठिपका हद्दीबाहेर गेला, किंवा हद्दीत असून सलग एकाच बाजूला सरकायला लागला, तर त्या दिवशी मशीनचा शब्द धरायचा नाही, अगदी पंचवीस लाखांचं मशीन असलं तरी. नवीन पोरं शिकायला येतात त्यांना हे पचायला महिना लागतो. मागं एका पोरीनं पोटॅशियम ९.१ असलेला रिपोर्ट सहीला आणला. मी विचारलं, कॅल्शियम किती? तर जवळजवळ नाहीच. “मॅडम, मशीननं दिलंय.” म्हटलं, पेशंट कुठाय? बाहेर बाकड्यावर बसून पावती मागतोय. अगं, पोटॅशियम नऊच्या वर असलेला माणूस बाकड्यावर बसून पावती मागत नाही! झालं काय होतं, तर रक्त आधी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये भरलं, मग चूक लक्षात आल्यावर तेच लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ओतलं. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या औषधात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. मशीननं खरं तेच सांगितलं होतं, फक्त ते त्या माणसाबद्दल नव्हतं.

तर अशी मी. आणि घरात लायसन्सवर विश्वास.

लेकीनं मला लगेच काही सांगितलं नाही. त्याच रात्री साडेनऊला ती दुसरं टोकन काढून पुन्हा गेली, हे मला नंतर कळलं. रात्रीच्या शेवटच्या तासाला बायोलॉजीच्या खिडकीत एक तरुण सर बसतात. एमएस्सी झालेत, सेट-नेटचा अभ्यास करतात, दिवसा कुठल्याशा कॉलेजात तासिका तत्त्वावर आहेत. त्यांनी नियम वाचून दाखवला नाही. उलट तिलाच तीन प्रश्न विचारले. तुझा बी कुणी तपासला? पप्पांचा ओ कुणी तपासला? लायसन्सचा फॉर्म कुणी भरला होता? तिसऱ्या प्रश्नाला लेक गप्प झाली, कारण घरात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे : लायसन्स एजंटानं काढून दिलं होतं. मग सर म्हणाले, “आधी ही तिन्ही उत्तरं आण. तरीही ओ-ओ-बी राहिलं, तर पुस्तकातल्या नियमाला एक अपवाद आहे. आणि तो आपल्या मुंबईतच सापडला होता.”

घड्याळात पाच मिनिटं संपली होती. लेकीनं ‘नॉट क्लिअर’ दाबलं. वर्षातलं पहिलं.

रविवारी सकाळी मी नवऱ्याला लॅबमध्ये नेलं. लेक बरोबर होतीच. आणि आठच्या सुमाराला दारात ते सर हेल्मेट हातात धरून उभे. “मॅडम, चालेल का? मी रक्तगट शिकवतो पण रिव्हर्स ग्रुपिंग कधी डोळ्यांनी बघितलं नाही.” एवढं खरं बोलणारा मास्तर मला फार दिवसांनी भेटला.

पांढरी टाईल घेतली. रक्ताचे तीन थेंब. पहिल्याशेजारी निळं द्रावण, ते अँटी-ए, म्हणजे ए पेशींच्या गुठळ्या करणारं. दुसऱ्याशेजारी पिवळं, अँटी-बी. तिसऱ्याला बिनरंगी अँटी-डी, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघायला. काडीनं गोल गोल मिसळायचं आणि टाईल हळूहळू डोलवायची. पहिला थेंब गुळगुळीत राहिला. दुसरा नासलेल्या दुधासारखा फुटला. तिसराही फुटला. बी पॉझिटिव्ह. नवरा टाईलकडे बघत म्हणाला, “म्हणजे वीस वर्षं मी चुकीच्या रक्तानं गाडी चालवली?”

आता इथं थांबलं असतं तरी चाललं असतं. बाप बी, आई ओ, लेक बी, नियमात बसलं. पण सर रिव्हर्स बघायला आले होते, म्हणून ट्यूबमध्ये तेही केलं. पहिल्या पद्धतीत माणसाच्या पेशी तपासतो. उलट्या पद्धतीत त्याचं सीरम घेतो आणि ए, बी आणि ओ गटाच्या माहीत असलेल्या पेशींवर टाकतो. बी गटाच्या माणसाचं सीरम ए पेशींच्या गुठळ्या करणार, बी आणि ओ पेशींना हात लावणार नाही. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर आलं तरच गट लिहायचा. लेकीनं मध्येच विचारलं, ओ पेशी कशाला ठेवता? त्यांना तर कुणाचंच सीरम काही करत नाही.

तिला मग २०१६ सालची गोष्ट सांगितली. ज्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तोच उन्हाळा. खुब्याच्या ऑपरेशनसाठी एक शेतकरी बाबा ॲडमिट होते. टाईलवर ओ. सरळ ओ, वाद नाही. उलट्या पद्धतीत त्यांच्या सीरमनं ए पेशींच्या गुठळ्या केल्या, बीच्या केल्या, ते बरोबरच. पण ओ पेशींच्याही गुठळ्या केल्या. मी आधी स्वतःवर शंका घेतली, ट्यूब नीट धुतली नसेल. मग पेशींवर घेतली, जुन्या असतील. नवीन पेशी धुऊन घेतल्या, तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. तेव्हा नमुना मोठ्या रक्तकेंद्राकडे पाठवला आणि उत्तर आलं : बॉम्बे ब्लड ग्रुप.

ए, बी हे पेशीवर ज्या पायावर उभे राहतात त्या पायाला एच म्हणतात. ओ माणसाकडे ए नसतो, बी नसतो, पण एच भरपूर असतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे तो पायाच नसतो. त्यामुळे टाईलवर तो ओसारखाच दिसतो, पण त्याच्या सीरमला ओ रक्तसुद्धा परकं. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असे लोक शोधले आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असं सांगतात. ‘ओ सगळ्यांना चालतं’ एवढं पाठ करून त्या बाबांना ओची पिशवी लावली असती तर काय झालं असतं, ते लेकीला सांगायची गरज पडली नाही. ती ट्यूबकडे बघत होती.

आणि सरांनी तिथंच कागदावर चौकट काढून दाखवलं. आई बॉम्बे असेल तर टाईलवर ओ दिसणार, पण तिच्याकडे बीचं जनुक झाकलेलं असू शकतं. बाप खरा ओ, त्याच्याकडे एच शाबूत. लेकराला आईकडून बी मिळालं, बापाकडून एच मिळाला, म्हणजे बी उघडा पडला. ओ आणि ओचं मूल बी. पुस्तकातला नियम चुकीचा नाही, पण त्याच्या पोटात ‘दोघांकडेही एच आहे’ ही अट धरलेली आहे आणि ती कुणी वाचून दाखवत नाही. लेकीनं विचारलं, परीक्षेत आलं तर काय लिहायचं? सर म्हणाले, “परीक्षेत ओच लिही, प्रश्नात एचचा उल्लेख नसेल तर. पण कुणाच्या घरी जाऊन सांगताना आधी टाईल बघ.”

हे उत्तर मला आवडलं. परीक्षेला कमी लेखलं नाही आणि तिला देवही केलं नाही.

कुणी म्हणेल, मॅडम, एवढा वेळ कुणाला आहे, एनसीईआरटीच्या सरकारी पाठ्यपुस्तकाची ओळ न ओळ पाठ करा आणि मोकळे व्हा. आमच्या क्लासच्या जिन्यातच पाटी आहे, ‘एनसीईआरटी हीच गीता’. त्यांना २०२४ च्या नीटमधला फिजिक्सचा प्रश्न आठवत असेलच. दोन विधानं होती. दुसरं असं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट बाहेर टाकतात. पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत तशी ओळ होती, म्हणून ज्यांनी ते बरोबर धरलं त्यांनाही आधी गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी सांगितलं की ते विधान चूक, उत्तर एकच. चार लाखांवर मुलांचे गुण गेले आणि पैकीच्या पैकी मिळवणारे ६१ वरून १७ वर आले. त्या वर्षी आमच्या शेजारच्या पोराचेही पाच गुण गेले, चार मिळालेले आणि एक उणे. त्याचे वडील आजही आवृत्तीला शिव्या देतात.

रात्रीच्या सरांनी हा प्रश्न खिडकीवर कसा घेतला ते लेकीनं सांगितलं. ते म्हणाले, आवृत्ती बाजूला ठेवा, ती ओळ धडा माहीत असणाऱ्याला खटकायला हवी होती की नाही? रेडियमचे अणू स्थिर आहेत का? आणि जो अणू निवांत आपल्या सर्वांत खालच्या पातळीवर बसलाय तो प्रकाश कशाला टाकेल, त्याला तापवल्याशिवाय, डिवचल्याशिवाय? दोन्ही गोष्टी त्याच पुस्तकात पुढंमागं आहेत. दिवसाच्या खिडकीवर याच प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं : ‘नवीन आवृत्ती घे.’

तर हिशोब असा. गणितांसाठी एक तारा. उरलेले दोन रात्री नऊ ते दहाच्या खिडकीला. कापलेल्या दोनांपैकी एक त्या ‘क्लिअर’ बटणासाठी आणि एक रांगेसमोर केलेल्या विनोदासाठी. मी ऑफिसात जाऊन बोलले. मॅनेजर चांगलं बोलला, चहा पाजला, म्हणाला, “मॅडम, सरांच्या मनात तसं नव्हतं. आणि पाच मिनिटांत आम्ही तरी काय करणार, अडीच हजार मुलं आहेत.” अडीच हजार मुलं हे खरं आहे. आमच्याकडेही सकाळी ओपीडीची रांग असते, पण कंट्रोल लावल्याशिवाय पहिला नमुना जात नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. संध्याकाळी सहा ते आठ जाऊ नका, गर्दी आवरत नाही. ‘प्रायोरिटी टोकन’चे जादा पैसे घेतात, ते भरू नका. त्यात रांग चुकते, पण मिनिटं पाचच मिळतात. फिजिक्सला दोन नंबरची खिडकी चांगली. तळमजल्यावरच्या कूलरचं पाणी पिऊ नका, बाटली घरून न्या. आणि बायोलॉजीला नऊनंतर जा, पण आता तिथंही रांग वाढलीय, त्याला थोडी मीच जबाबदार आहे.

या महिन्याचा मेसेज परवा आला : ‘आपल्या पाल्याचे ३८ पैकी ३३ डाउट क्लिअर. ५ प्रलंबित. कृपया पाल्याशी संवाद साधावा.’ साधला. पाचातला एक तिनं बायोलॉजीत टाकला होता, तो खिडकीनं दोनदा परत पाठवलाय : ‘लायसन्सवर रक्तगट न तपासता कसा छापतात?’ नवऱ्याला दोनदा सांगून झालं, बदलून घ्या. आरटीओत जायला त्यांना अजून वेळ मिळाला नाही.